डावी घडी

माझ्या थोरल्या जाऊबाईंना कापड दिसलं की हात शिवशिवतात. बसचं तिकीटसुद्धा त्या चार पदरी दुमडून ठेवतात. एकदा चर्चमध्ये प्रभुभोजनाची उपासना संपली, मंडळी बाहेर पडत होती, तर या उलट पुढे गेल्या आणि मेजावरच्या पांढऱ्या कापडाची घडी मोडून पुन्हा घातली. पाळकांच्या पत्नी शेजारीच उभ्या होत्या. म्हणाल्या, "अहो, मी आत्ताच घातली होती की घडी!" यांनी वर न बघताच सांगितलं, "हो, ते दिसलंच मला."

अशा बाईंबद्दल चर्चमध्ये कुणी मला म्हणालं, "तुमच्या जाऊबाई किती शांत, किती सोशिक!" की मला ठसकाच लागतो. बावीस वर्षं एका घरात काढलीत मी त्यांच्याबरोबर. शांतपणा त्यांच्या वाट्याला देवाने धाडलाच नव्हता. सोशिकपणा त्यांनी दातओठ खात मिळवला, आणि त्यातले बरेचसे दातओठ माझ्यावर खाल्ले. म्हणून हे मी लिहायला हवं, दुसऱ्या कुणी लिहिलं तर फार गोड लिहील.

ताई (मी त्यांना ताईच म्हणते) इस्पितळात कामाला आहेत. ऑपरेशन थिएटरला लागणारी कापडं जिथे तयार होतात त्या खोलीत. लाँड्रीतून धुऊन आलेली हिरवी कापडं आधी काचेच्या टेबलावर पसरायची. त्या काचेखाली दिवे असतात. कापडाला सुईच्या टोकाएवढं जरी छिद्र असलं तरी तिथे तारा चमकल्यासारखा ठिपका दिसतो. छिद्राचं कापड ठिगळाला जातं, धड कापडाची घडी होते. घडीही आपल्या घरच्यासारखी नाही. पंख्यासारखी, एकावर एक, आणि शेवटी उजवा कोपरा थोडा बाहेर दुमडलेला. थिएटरमधली नर्स हातमोजे घालून तोच कोपरा धरते आणि चादर आपोआप उलगडते. कोपरा डावीकडे आला, तर चादर उलटी उघडते, आतली स्वच्छ बाजू कुठेतरी लागते आणि सगळा पॅक बाद. पेशंट टेबलावर, डॉक्टर हात वर धरून उभे, आणि नर्स दुसरा पॅक शोधतेय.

घडी झाली की कापड दुहेरी गुंडाळायचं, वर चिकटपट्टी लावायची, पट्टीवर आपली खूण करायची आणि पॅक वाफेच्या यंत्राकडे पाठवायचा. खोलीत तिघी होत्या. ताईंची खूण त्रिकोण. ठिगळं लावणाऱ्या शिवणवालीची फुली. आणि तिसरी बाई, तिची खूण गोल. तिला ताई घरी 'राणीसरकार' म्हणत. खोलीत खुर्ची एकच, आणि तिच्यावर कोण बसणार हे विचारायची सोय नव्हती.

राणीसरकारांचं तोंड फार वाईट. माझे मोठे दीर गेले आणि तेराव्या की चौदाव्या दिवशी ताई कामावर हजर झाल्या, तेव्हा घडी घालता घालता त्यांचे डोळे भरून आले. तर ही म्हणाली, "रडायचं तर बाहेर जा बाई. कापड ओलं झालं तर परत धुवावं लागेल." पुढे एकदा जेवणाच्या सुट्टीत ताई डोळे मिटून प्रार्थना करत होत्या, तर हिने तक्रार केली, की कामाच्या वेळात झोपतात. ताईंना लेखी जबाब द्यावा लागला. हे मी मुद्दाम सांगतेय. पुढे जे झालं ते कुणा गरीब गायीसाठी झालं असं वाटायला नको.

त्या वर्षी तापाची साथ आली आणि जाईना. इस्पितळाच्या व्हरांड्यातसुद्धा खाटा लागल्या. लाँड्रीतली निम्मी माणसं आजारी, पाणी एकवेळ, साबण मोजून. त्यात थिएटरच्या सिस्टरनी नवा नियम काढला. भिंतीवर एक कार्ड लावलं. थिएटरमधून जो पॅक बाद होऊन परत येईल, त्याची पट्टी त्या कार्डावर चिकटवायची. साथ संपेपर्यंत जिच्या खुणेच्या तीन पट्ट्या होतील तिने घरी बसायचं. सिस्टरही काय करणार? चूक परवडत नव्हती.

दहा दिवसांत कार्डावर दोन गोल लागले.

राणीसरकारांना दुसरीकडे काम मिळालंही असतं कदाचित. पण तिचा नवरा फुफ्फुसांच्या आजाराने घरी पडून होता. आठवड्यातून दोनदा त्याला त्याच इस्पितळात ऑक्सिजन लावत, तिची नोकरी होती म्हणून. नोकरी गेली की ते बंद. हे सगळ्यांना माहीत होतं. ती स्वतः मात्र कार्डाकडे पाठ करून बसायची आणि म्हणायची, "थिएटरच्या पोरींना पॅक उघडता येत नाही, त्याला मी काय करू?"

त्याच आठवड्यात ताई घरी उशिरा येऊ लागल्या.

आता आमच्या घरचं सांगते. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. ह्यांची नोकरी फिरतीची. चार वाजेपर्यंत सासूबाईंचं मी बघायचं आणि चारला सुटून ताई आल्या की मी निघायचं. मुलांचं एक छोटं वाचनालय मी चालवते, साडेचार ते साडेसात. किल्ली माझ्याकडेच. ताई पाच वाजता येऊ लागल्या, मग सव्वापाचला, मग साडेपाचला. इकडे सासूबाई दर पाच मिनिटांनी विचारत, "थोरली आली का गं?" आणि मी सांगे, "नाही आली." सुपाचा चमचा पुढे केला की तोंड फिरवत, "थोरली आली की घेईन." तिकडे मुलं कुलपासमोर पायरीवर बसलेली. आठ दिवसांनी एका मुलीच्या आईने मला रस्त्यात गाठून विचारलं, "वाचनालय बंद केलंत का हो?"

त्या संध्याकाळी मी ताईंना दारातच धरलं.

"ताई, हे काय चाललंय?"

"काम वाढलंय."

"सगळ्यांचंच वाढलंय. शिवणवाली सव्वाचारला आपल्या गल्लीतून जाते, मी खिडकीतून बघते. तुमचंच काय एवढं वाढलंय?"

मग कळलं. बाकीच्या दोघी गेल्या की ताई राणीसरकारांचे पॅक वाफेला जायच्या आधी उघडून बघत होत्या. अठरा-वीस पॅक. सकाळचे बरे असायचे, दुपारनंतरचे निम्मे चुकलेले, सगळे एकाच तऱ्हेने: कोपरा डावीकडे. ते पुन्हा घडी करायचे, गुंडाळायचे आणि तिचीच गोलाची पट्टी नखाने हळूच सोडवून परत चिकटवायची.

"आणि ती पट्टी कशी तोडते माहितेय? दाताने! कात्री समोर पडलेली असते. अगदी रानटी बाई. पट्टीचं टोक उंदराने कुरतडल्यासारखं."

"मग करता कशाला तिचं?"

ताईंनी चपला काढून एकीला एक लावून ठेवल्या. "मला आवडतं म्हणून करत नाही."

"मग?"

"परवा प्रार्थनेला बसले आणि म्हटलं, प्रभू, हिला एकदाची घालव. तोंडातून गेलं. मग मला पुढे काही बोलताच येईना. त्याने माझं किती सोसलंय ते मला माहीत, आणि मी त्याच्याचकडे हे मागतेय." मग एकदम चढ्या आवाजात, "म्हणून करते! आता जा तू, मुलं थांबली असतील."

"मुलं घरी गेली ताई. तुम्ही तिच्यावर दया करता, आणि तिची भरपाई मी करते."

त्या दोरीवरचा टॉवेल काढून घडी घालत बसल्या. मला इतका संताप आला की तो टॉवेल हिसकावून चुरगाळावा असं वाटलं. मीही प्रभूला मानते. पण कुणाची दया आपल्या घड्याळातून कापून जायला लागली की काय वाटतं, ते मी त्या दिवसांत शिकले.

असं एकूण तीन आठवडे चाललं. आमचं दोघींचं बोलणं कामापुरतं. मग एका गुरुवारी ताई आल्या आणि चपलासुद्धा न लावता आत जाऊन बसल्या. चपला वेड्यावाकड्या पडलेल्या बघून मी त्यांच्या मागोमागच गेले.

त्या दिवशी कार्डावर त्रिकोण लागला होता. ताईंच्या पॅकमधल्या चादरीला मोहरीएवढं छिद्र निघालं. पेशंटच्या अंगावर घालण्याआधी नर्सने पाहिलं, निभावलं. पण ऑपरेशन दहा मिनिटं थांबलं. सव्वीस वर्षांत ताईंचा एकही पॅक कधी परत आला नव्हता.

"काचेवर बघितलं होतं का?" मी विचारलं.

"बघितलं असणार. आठवत नाही." मग म्हणाल्या, "दिवसभर मी तिच्याच घड्यांकडे बघत असते गं. ही कशी झाली, ती कशी झाली. माझ्या स्वतःच्या कापडाकडे लक्षच नसतं."

"ती काय म्हणाली?"

"हसली. म्हणाली, वा, आता कार्ड जरा भरल्यासारखं दिसतंय."

मी ठरवलं, बस झालं. शुक्रवारी शेजारच्या आजींना सासूबाईंपाशी बसवलं आणि चार वाजता थेट इस्पितळात गेले. त्या बाईला तोंडावर ऐकवायचं आणि ताईंना हाताला धरून घरी आणायचं, एवढंच डोक्यात. रस्ताभर वाक्यं जुळवत होते.

दार लोटलं तर आत राणीसरकार उभी. डबा विसरला म्हणून अर्ध्या वाटेतून परत आली होती. टेबलावर तिचे सात-आठ पॅक उघडे पडलेले, आणि ताईंच्या बोटाला तिची गोलाची पट्टी चिकटलेली. ताईंचा चेहरा चोरी पकडल्यासारखा.

"किती दिवस?" राणीसरकारने विचारलं.

"तीन आठवडे," ताई म्हणाल्या.

"मला वाटलंच. पट्टीला सुरकुती कशी येते रोज. मला वाटलं सिस्टर तपासतेय. तर तू होय!"

माझी जुळवलेली वाक्यं तयारच होती. "अहो, उपकार माना! तुमचे अर्धे पॅक डावीकडून उघडतात. यांनी निस्तरलं नसतं तर केव्हाच घरी बसला असता. आणि तुम्ही यांच्याच त्रिकोणाला हसता?"

"तू कोण गं?"

"धाकटी जाऊ. जिला यांच्यामुळे रोज उशीर होतो ती."

"डावीकडून म्हणे!" तिने टेबलावरची एक चादर खस्सकन ओढली. "बघ. डोळे उघडून बघ."

आणि ती घडी घालू लागली. पहिले पदर झरझर पडले, मी मान्य करते, हात सुरेख होता. मग शेवटचा कोपरा आला. उजव्या हाताची बोटं कोपऱ्यापर्यंत गेली, पण मिटेचनात. कापड चिमटीतून निसटलं. पुन्हा धरलं, पुन्हा निसटलं. तिने आमच्याकडे पाहिलं नाही. कापड फिरवलं, डाव्या हाताने कोपरा दुमडला आणि पट्टी ओढून दाताने तोडली.

ताईंची नजर त्या पट्टीच्या कुरतडलेल्या टोकावर होती.

"कात्री धरता येत नाही तुला," ताई हळूच म्हणाल्या.

"सकाळी येते. दुपारनंतर नाही येत. सहा महिने झाले."

"सांगितलं का नाहीस?"

"कुणाला? तुला? आणि तू काय करणार होतीस, डोळे मिटणार होतीस?" मग तिचा आवाज चिरकला. "हात गेला म्हटलं की मी गेले. मी गेले की त्याचा ऑक्सिजन गेला. आणि तू, तू माझ्यामागे माझी घडी मोडत होतीस. दया करत होतीस. एकदा विचारलंस का, की बाई, तुला काय होतंय?"

"तू विचारू देतेस का?" ताई टेबलावर हात आपटून ओरडल्या. मी त्यांना कामाच्या जागी ओरडताना कधी कल्पिलंही नव्हतं. "सकाळी नमस्कार केला तर म्हणतेस, कामाला लाग! नवरा गेला तेव्हा रडू दिलं नाहीस! तुझ्याजवळ यायचं कसं गं माणसाने?"

राणीसरकार खुर्चीवर बसली. मला ती खुर्ची तिच्यासाठी मोठी वाटली. ती बसल्या बसल्या उजव्या हाताची बोटं डाव्या हाताने चोळत राहिली. मग म्हणाली, "मी रडू नको म्हटलं, कारण तू रडलीस तर मीही रडले असते. त्याच महिन्यात डॉक्टरांनी मला त्याचं फुफ्फुसाचं सांगितलं होतं."

ही काही माफी नव्हती. ताईंनीही ती तशी धरली नाही. त्या म्हणाल्या, "उद्या सकाळी सिस्टरकडे जायचं. दोघींनी."

"वेड लागलंय? ती काढून टाकेल मला."

"लपवून काय झालं बघितलंस ना? तुझी चूक लपवता लपवता माझं छिद्र राहून गेलं. चादरीखाली कुणाचं तरी पोट असतं. मी हे पुन्हा करणार नाही. आणि तुला एकटीला पाठवणारही नाही."

पुढचं मला शिवणवालीने सांगितलं, ती आमच्याच चर्चची. सिस्टर सकाळी खोलीतच आली होती, तिची झोप तीन दिवस झाली नव्हती. ती म्हणाली, "मला कारणं नकोत, पॅक हवेत." ताईंनी सांगितलं, काम माणसागणिक न करता टप्प्याने करू द्या. हिची नजर तीक्ष्ण आहे आणि चादर सरकवायला डावा हात पुरतो, हिला काचेच्या टेबलावर बसवा. सगळं कापड ही बघेल, ठिगळ शिवणवाली लावेल, घड्या सगळ्या मी घालेन.

"आणि खूण कुणाची?"

"तिघींची. प्रत्येक पट्टीवर."

"म्हणजे तीन परत आले की तिघी घरी."

"हो," ताई म्हणाल्या.

"हो काय हो?" शिवणवाली मध्येच ओरडली. "माझं काय चुकलं? माझी तर एकही फुली लागलेली नाही!"

ताई तिच्याकडे वळल्या. "नाही लागली. तू नाही म्हणालीस तर मी हे इथेच सोडते. तुझ्यावर जबरदस्ती नाही."

शिवणवाली मला म्हणाली, "तुझी जाऊ अशी बघत होती की नाही म्हटलं असतं तर रविवारी चर्चला कुठल्या तोंडाने गेले असते? चिडूनच हो म्हटलं. मनापासून नाही, खरं सांगते."

सिस्टरने कार्डाकडे पाहिलं. दोन गोल, एक त्रिकोण. "असं मोजलं तर आजच तीन झाले," ती म्हणाली. मग तिने खिळ्यावरून कार्ड काढलं, एप्रनच्या खिशात घातलं आणि कोरं कार्ड लावलं. "हे आजपासून," म्हणाली आणि गेली. तिच्याकडून एवढीच दया आली, पण ती वेळेवर आली.

साथ आणखी दोन महिने चालली. नव्या कार्डावर पट्ट्या लागल्या, नाही असं नाही. पहिली पंधरवड्यात, वाफेनंतर पॅक ओला राहिला म्हणून. दुसरी चौथ्या आठवड्यात, ताईंच्याच घाईमुळे. त्यानंतर तिघी पाच आठवडे एकमेकींवर नुसत्या खेकसत होत्या. शिवणवाली रोज बजावायची, "माझी नोकरी तुमच्या हातात आहे, शिंकूसुद्धा नका." राणीसरकारच्या हाताची नस दबली होती असं निघालं. औषधाने थोडं बरं वाटतं, पूर्ण नाही. कार्ड उतरलं तेव्हा त्यावर तीन खुणांच्या दोनच पट्ट्या होत्या. ती अजून काचेच्या टेबलावर आहे, आणि तिच्या नवऱ्याला अजून मंगळवारी नि शुक्रवारी ऑक्सिजन लावतात.

तिने ताईंचे आभार मानले का? नाही. ताईंना ती आवडू लागली का? तेही नाही. प्रार्थनेत तिचं नाव रोज घेतात, आणि त्या नावानंतरचं 'आमेन' जरा जोरातच म्हणतात. मी मात्र एक ठरवलं. ताईंना उशीर होणार असेल तर आता मी आधी विचारते, काय झालं म्हणून. मग चिडते. सासूबाईंनी सुपाचा चमचा ढकलला की तेव्हाही दहा आकडे मोजते. सात-आठपर्यंत जमतं.

परवा ताई पावणेपाचला आल्या. पिशवी टाकली, चपला भिंतीशी जुळवल्या आणि सुरू झाल्या.

"आज तिने माझ्या हातातून चार चादरी परत घेतल्या! घडी घालत होते मी, अर्धी झाली होती. म्हणाली, आण इकडे, मगाशी नीट बघितलं नव्हतं. चार! आणि वर म्हणते, तू डोळे तपासून घे बाई."

"मग? छिद्रं होती का?"

ताईंनी दोरीवरचा टॉवेल ओढला, कोपऱ्याला कोपरा लावला.

"होती," त्या म्हणाल्या. "म्हणून तर राग येतो."

मी किल्ली घेतली आणि मुलांकडे निघाले.